नसरापूर ते वेल्हे, लेगोसमार्गे

मंगळवार होता. बबनमामांची जीप नसरापूरच्या स्टँडवर उभी होती. मामांचा मोबाईल वाजला. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता, म्हणून मामांनी फोन माझ्या हातात दिला. तो माणूस लेगोसहून बोलत होता. त्याने सांगितले की संतोष रात्री दवाखान्यात वारला. मी ते मामांना मराठीत सांगितले. संतोष त्यांचा मुलगा.

एवढे लिहायला मला फार दिवस लागले. आता पुढचे लिहिता येईल असे वाटते.

बबनमामा नसरापूर ते वेल्हे वडाप करतात. वडाप म्हणजे सीट भरल्याशिवाय न सुटणारी गाडी. एसटी वेळेवर सुटते आणि रिकामी जाते. वडाप वेळ पाळत नाही, पण भरून जाते. मी वेल्ह्याच्या शाळेत शिकवते आणि राहते नसरापूरला, त्यामुळे मामांच्या शेजारची पुढची सीट अनेक वर्षे माझी आहे. तिच्यावर दुसरे कुणी बसले तर मामा त्याला सांगतात, "ती बाईंची जागा हाय. तुमी मागं व्हा. मागं बी लेगोस दिसतंय."

नवा माणूस इथे पहिल्यांदा चमकतो.

खरे म्हणजे त्याने आधीच चमकायला हवे, कारण ही जीप पिवळी आहे. हळदीसारखी पिवळी, आणि अंगावर आडवे काळे पट्टे. आमच्या शाळेतली मुले तिला गांधीलमाशी म्हणतात. पूर्वी ती चारचौघींसारखी पांढरी होती. संतोष लेगोसला गेला आणि त्याने फोनवर सांगितले की इथेही वडाप आहे, पिवळी, काळ्या पट्ट्यांची. दारात लोंबकळून क्लीनर गावांची नावे ओरडतो आणि सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. मामांनी पुढच्याच आठवड्यात जीप भोरच्या पेंटरकडे नेऊन घातली.

ती परत आली त्या दिवशी शेवंताबाई स्टँडवर भाजीची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारले, "मामा, हळदीला कुणाच्या बसवली ही?"

"लेगोसची गाडी हाय ही."

"आन् हे काळं काय वड्लंय?"

"तितली रीतच हाय तशी."

"मंग अक्षता कवा?" म्हणत शेवंताबाई आत बसल्या.

पुढे बरेच दिवस लोक तिला शाळेची गाडी समजून पोरांसकट हात करायचे. एका हवालदाराने अडवून रंगाचे कारण विचारले. मामांनी त्याला लेगोसची सगळी वाहतूक समजावून सांगितली. हवालदाराने शेवटी हात जोडले आणि म्हणाला, "जावा मामा. मागं लाईन लागलीया."

लेगोस म्हणजे नायजेरियातले शहर. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये पसरलेले, मुंबईसारखेच अफाट. नकाशात ते कुठे आहे हे मी वर्गात दाखवते. पण ते बघायचे कसे हे मला मामांनी दाखवले. त्यांनी अख्खे लेगोस नसरापूर-वेल्हे रस्त्यावर मांडून ठेवले होते.

गाडी सुटली की पहिले बनेश्वर. रस्त्यावरून बनाची झाडी दिसली की मामा डावा हात बाहेर काढायचे. "हे बघा जंगल. ह्येच्यात झाडांच्या शेंड्याशेंड्यानं झुलता पूल टाकलाय. लांबच्या लांब. चालायचं तर धरून चालायचं. खाली माकडं. बघून ठिवा, कामाला येतंय."

"बघून ठिवा, कामाला येतंय" हे त्यांचे पालुपद. कुणाच्या, कोणत्या कामाला, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

पुढे आंबवणे आले की बाजार. "हितं शिरायचं तर पाकीट पुढच्या खिशात ठिवायचं. कापडच कापड. एकेका कापडावर एवढाली फुलं, रंग तर असं की डोळं दिपत्यात." बाहेर पाहावे तर एक पिठाची गिरणी आणि तिच्या पायरीवर झोपलेले कुत्रे. मार्गासनीच्या पुलावर गाडी हळू व्हायची. आमचा पूल हा हा म्हणता संपतो, पण मामांचा संपत नसे. "हा पूल खाडीवरनं जातोय. सरता सरत न्हाई. आन् खाली बघा, पाण्यात खांब रवून घरं बांधल्यात. भाटघरच्या पाण्यात अशी घरं बांधली असती, तर धरणात गेलेली गावं उठवाया लागली नसती." पुलापलीकडे भाताची खाचरे लागतात. तिथे समुद्र. "वाळूवर घोडी फिरत्यात. बसून रपेट मारायची." खाचरात म्हशी असायच्या. त्या मान वर करून पिवळ्या गाडीकडे बघायच्या.

शनिवार-रविवारी तोरण्याला जाणारी पुण्याची मुले गाडीत असतात. त्यांतल्या एकाने एकदा धीर करून म्हटले, "काका, आम्हाला तोरणा बघायचाय."

"तोरणा कुठं पळून चाललाय?" मामा म्हणाले. "म्हाराजांच्या आदीपास्नं हितंच हाय. त्यो बघशीलच. आदी ह्ये बघ."

मग विंझरचा फाटा. इथे मामा गाडी थांबवून इंजिन बंद करायचे आणि मागे वळून सांगायचे, "पायताणं काढा."

जुने प्रवासी निमूट चपला काढायचे, कारण त्याशिवाय गाडी हलत नसे. नवे वाद घालायचे. बुटांच्या नाड्या सोडायला त्यांना जड जाई. पण मामांनी या बाबतीत कधी सूट दिली नाही. लेगोसच्या जुन्या भागात कधीमधी पांढऱ्या झग्यांतली सोंगे निघतात, डोक्यावर टोपी, हातात काठी, तोंड झाकलेले. शेकड्यांनी निघतात. ती ज्या रस्त्याने जातात तिथे पायात काही घालायचे नाही, असा तिथला दंडक आहे.

"पण काका, ही सोंगं कशासाठी?" एका मुलीने विचारले होते.

"कुनी मोठं मानूस गेलं की निघत्यात. त्येला वाटं लावायला."

"मग आत्ता कोण गेलंय?"

"आत्ता कुनी न्हाई," मामा म्हणाले. "आत्ता नुसतं बघायचं." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

विंझरनंतर वेल्ह्यापर्यंत मामा गप्प असत. वेल्ह्याला लेगोसचे काही नव्हते. शेवंताबाईंनी मुद्दाम खोडी काढली होती, "मामा, आमच्या वेल्ह्यानं काय घोडं मारलंय? हितं एखादं देऊळ तरी ठिवा की तितलं."

"वेल्हं म्हंजी वेल्हं," मामा म्हणाले होते. "हितं काय न्हाई."

मी पुस्तके वाचणारी बाई. मामांचे लेगोस ऐकून मी वाचनालयातून त्या किनाऱ्यावरचे एक पुस्तक आणले. त्यात बडाग्री नावाच्या गावाची हकीकत होती. लेगोसपासून जवळच आहे. तिथून गुलाम जहाजांवर चढवत. साखळ्या घातलेल्या माणसांना वाळूतल्या एका वाटेने समुद्राकडे चालवत नेत, आणि त्या वाटेने गेलेले कुणी परत येत नसे. आता ती वाट प्रवासी बघायला जातात. मी उत्साहाने दुसऱ्या दिवशी मामांना विचारले, "मामा, बडाग्रीची वाट तुम्ही कुठे ठेवलीये?"

मामांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "ती म्या बघितलीया, बाई. ती कुनाला दावायची न्हाई."

त्यांचे एक तत्त्व होते आणि ते गाडीच्या मागे रंगवलेले नसूनही सगळ्यांना पाठ होते: नेलेले माणूस माघारी आणायचे. तोरण्याला माणसे सोडली की ते आधी विचारायचे, "माघारी कितीला?" आणि सांगितलेल्या वेळेला पायथ्याशी हजर. एकदा एक जोडपे सकाळी गडावर गेले आणि पलीकडच्या बाजूने राजगडाला उतरून परस्पर पुण्याला निघून गेले. मामा दिवस मावळेपर्यंत बसले. मग बॅटरी घेऊन स्वतः अर्धा गड चढून हाका मारून आले. त्यांचा नंबर मिळवून दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ती माणसे कुठल्याशा हॉटेलात जेवत होती. मामा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पोहोचला न्हवं? मंग बरं. पर सांगून जात जावा. न्हेणारा मानूस खाली बसलेला असतोय."

संतोषला त्यांनीच विमानतळावर सोडले होते, याच जीपमधून, ती पांढरी असताना. संतोषची आई तो शाळेत असतानाच गेली. मामांनी त्याला एकट्याने वाढवले, भोरला आयटीआय करायला घातले. फिटर झाला. लेगोसच्या एका कारखान्यात नोकरी लागली. विमानतळाच्या दाराशी मामांनी त्याला विचारले, "माघारी कितीला?" संतोष हसून म्हणाला, "दोन वर्सांनी, आबा." हे मामांनी मला पुष्कळदा सांगितले होते. दोन वर्षांनी त्याने मुदत वाढवून घेतली. त्या वर्षीच्या दिवाळीला येणार होता.

माझे यजमान गेले तेव्हा मी काही दिवसांनी पुन्हा शाळेत जायला निघाले. सगळे रस्ताभर माझे सांत्वन करतील या भीतीने मी अंग चोरून बसले होते. मामांनी सांत्वनाचा शब्द काढला नाही. त्यांनी बनेश्वर दाखवले, बाजार दाखवला, पूल दाखवला. समुद्र त्या दिवशी दोनदा दाखवला. वेल्ह्याला उतरताना म्हणाले, "माघारी कितीला, बाई?" मी म्हणाले, "पाचला." पाचला ते शाळेच्या दारात होते.

असे हे मामा. त्यांच्यावर हसायला सगळा तालुका मोकळा होता, आणि हसतही होता.

त्या मंगळवारी मी त्यांना सांगितले तेव्हा गाडी भरलेली होती. मागे कुणीतरी "अगं आई" म्हणाले. पलीकडचा माणूस फोनवर थांबलेला होता. तापाने गेला, चार दिवसांत, म्हणत होता. सांगत होता की देह पाठवायचा तर कागदपत्रांना बरेच दिवस लागतील. की तिथेच अग्नी द्यायचा? घरच्यांनी सांगावे.

मी हे विचारले. मामा समोर काचेतून बघत होते. त्यांनी एकच प्रश्न केला. "त्यास्नी इचारा बाई, तितंच द्या म्हनलं तर राख तरी माघारी येईल का?"

मी विचारले. तो म्हणाला, येईल. आमचा एक माणूस रजेवर जाणार आहे, तो आणील.

"मंग द्या म्हनावं," मामा म्हणाले.

मी फोन बंद केला. मागची माणसे उतरायला लागली. मामा मागे न वळता म्हणाले, "बसा. न्हेतो म्हनलोय तुमास्नी." माणसे परत बसली. त्या दिवशी मामा वाटेत काही बोलले नाहीत. मार्गासनीच्या पुलावर गाडी मात्र रोजच्यासारखी हळू झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ दत्तूअण्णा घरी बसून दहाव्याची बोलणी करत होते. मी भेटायला गेले होते.

"बबन, दर्भाचा पुतळा करू," अण्णा म्हणाले. "देह नसला तर तसं करायची रीत हाय. धाव्याला गुंतून ऱ्हायला नगं."

"माघारी आल्याबिगर धावा न्हाई."

"आरं, कवा येईल, कसं येईल, काय ठावं? तवर पोराला लटकत ठिवतोस व्हय?"

मामा म्हणाले, "अण्णा, इमानतळावर म्या दर्भ न्हेला नव्हता. संतोषला न्हेला व्हता."

अण्णा पंचाने डोळे टिपत उठून गेले. पुढे बरेच दिवस भाऊ भावाशी बोलला नाही.

मामांनी घरी बसायला नकार दिला. पाचव्या दिवशी जीप स्टँडवर आणून लावली. पण दहावा झालेला नाही, घर सुतकात आहे आणि हा माणूस गाडी चालवतो, हे लोकांना रुचले नाही. तोंडावर कुणी काही म्हणाले नाही. लोक फक्त एसटीकडे गेले. ज्यांना एसटी चुकायची ते पुढच्या एसटीची वाट बघत उभे राहत, पिवळ्या गाडीकडे पाठ करून.

सीट भरेनात. वडाप सीट भरल्याशिवाय सुटत नाही. मी पुढे बसलेली असायचे, शेवंताबाई मागे. आम्ही दोघी आणि मामा वाट बघत राहायचो. शाळेची वेळ टळायला आली की मामा नाइलाजाने गाडी काढायचे. आणि मग, बनेश्वर आले की, डावा हात बाहेर.

"हे बघा जंगल. झुलता पूल टाकलाय..."

पहिल्या दिवशी मला वाटले, त्यांना भान नाही. पण त्यांना पुरते भान होते. त्यांनी एकही जागा गाळली नाही, एकही शब्द बदलला नाही. बाजारात पाकीट पुढच्या खिशात. खाडीत खांबांवरची घरे. म्हशींच्या जागी घोडी. विंझरला इंजिन बंद करून ते थांबले तेव्हा शेवंताबाईंना राहवले नाही.

"मामा, बास की आता. आज तरी गप चला."

मामांनी किल्लीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बघून ठिवा, शेवंताबाई. आता दावणारं कोन ऱ्हायलंय?"

शेवंताबाईंनी चपला काढल्या. मीही काढल्या. गाडी सुटली.

असे आठवडे गेले. रजेवर येणाऱ्या माणसाची रजा पुढे ढकलली गेली. मग आणखी एकदा. रोज संध्याकाळी परतताना मामा मला फोन देत, आणि मी लेगोसला विचारत असे. तिकडून उत्तर यायचे, पुढच्या आठवड्यात. मामा मला विचारायचे, "येतंय म्हनले न्हवं?" मी म्हणायचे, "येतंय." गावात लोक उघड बोलायला लागले होते. राख कुठली येतेय, एवढ्या लांबून, कोण कुणाची आणतो. आणि आणली तरी कुणाची आणली हे कोण सांगणार. मामांच्या कानावर हे जात होते. ते रोडावले. पण दहाव्याचे नाव काढले की त्यांचे उत्तर तेच होते: नेलेले माणूस माघारी आणायचे.

अखेर त्या माणसाचाच फोन आला. तो सांगलीकडचा होता, मराठीत बोलला. मुंबईला उतरतोय म्हणाला. मामांनी मला विचारले, "बाई, येता का? इंग्रजी लागलं काय तर..." मी गेले.

पिवळी जीप मुंबईत शिरली तेव्हा रिक्षावाले वळून बघत होते. विमानतळाच्या ज्या दाराशी मामांनी संतोषला सोडले होते ते बाहेर जाणाऱ्यांचे दार, येणाऱ्यांचे वेगळे. मामांना हे ठाऊक नव्हते. ते त्याच दाराशी जाऊन उभे राहिले होते. मी त्यांना हाताला धरून दुसरीकडे नेले.

माणूस बाहेर आला. चाळिशीचा असेल, डोळ्यांत झोप. एका हाताने सामानाची गाडी ढकलत होता. दुसऱ्या हाताने त्याने छातीशी स्टीलचा डबा धरला होता, रंगीत कापडात बांधलेला. कापडावर एवढाली फुले होती. संतोषबरोबर कामाला असलेल्या तिथल्या लोकांनी ते बाजारातून आणून बांधले, असे त्याने सांगितले.

मामांनी डबा लगेच घेतला नाही. त्यांनी विचारले, "बसायला जागा मिळाली का त्येला?"

मला वाटले, तो माणूस गोंधळेल. तो गोंधळला नाही. "मांडीवर होता, मामा," तो म्हणाला. "शेवटपर्यंत."

मग मामांनी दोन्ही हात पुढे केले.

गाडीशी आल्यावर मामा मला म्हणाले, "बाई, आज तुमी मागं बसा." त्यांनी माझ्या सीटवर डबा ठेवला आणि आपल्या उपरण्याने सीटच्या पाठीला बांधला, वळणावर हलू नये म्हणून. घाट चढला, पुणे मागे पडले, कात्रज गेले.

नसरापूरला गाडी स्टँडवर थांबली. थांबायचे कारण नव्हते. सवयीने थांबली असेल. मामांनी इंजिन बंद केले आणि समोर बघत बसले, रोज सीट भरायची वाट बघतात तसे.

स्टँडवर एसटीची वाट बघणारी माणसे होती. त्यांनी गाडीकडे पाहिले, पुढच्या सीटवरचे फुलांचे कापड पाहिले. कुणी हलले नाही. मग शेवंताबाईंनी पाटी उचलली आणि गर्दीतून वाट काढत आल्या.

"सरा बाई," त्या मला म्हणाल्या आणि आत चढल्या. मग बाहेर तोंड काढून ओरडल्या, "आरं, किती येळ उभं ठिवता त्येला? सीट भरल्याबिगर गाडी सुटत न्हाई, ठावं न्हाई व्हय?"

पहिल्यांदा एक म्हातारा चढला. मग दुसरा कुणी. मग चार-पाच जण. दत्तूअण्णा कुठल्या बाकावर बसले होते कोण जाणे, पण तेही आले आणि काठी आत सरकवून माझ्या शेजारी बसले. सीट भरल्या. एकाला दारात उभे राहावे लागले. एसटी आली आणि रिकामी गेली.

मामांनी आरशात पाहिले आणि किल्ली फिरवली.

बनेश्वर आले. डावा हात बाहेर गेला. मी डोळे मिटले. पण मामा आमच्याशी बोलत नव्हते.

"संतोष, हे बनेश्वर," ते म्हणाले. "हितं रेंज हुती. म्या गाडी कडंला घिऊन हुबा ऱ्हायलो आन् तू मला झुलता पूल दावलास."

मग मला कळले. आमच्या रस्त्यावर मोबाईलला रेंज सगळीकडे नाही. ती कुठे कुठे लागते. संतोष रविवारी, सुटीच्या दिवशी, लेगोसमध्ये फिरायचा आणि फिरता फिरता वडिलांना व्हिडिओ कॉल लावायचा. रविवारी मामांची गाडी दिवसभर रस्त्यावर. जिथे रेंज लागेल तिथे मामा थांबायचे आणि जे दिसेल ते बघायचे. बनेश्वरला जंगल दिसले, आंबवण्याला बाजार दिसला. ज्या जागी जे बघितले, त्या जागी ते राहिले. आम्ही मामांच्या डोक्यातले लेगोस म्हणून हसत होतो, ते लेगोस खरोखर तिथे होते. रविवारी मी या गाडीत नसते, म्हणून मला कधी दिसले नव्हते.

"ही आंबवण्याची गिरनी. हितं तू कापडं दावलीस. ह्येच कापड असंल की.

"ह्यो मार्गासनीचा पूल. आपला. बारकाच हाय. तुझा लई लांब हुता, रेंज गेली तरी सरला न्हवता.

"ही खाचरं. म्हसरं हायती. तुझी घोडी हुती, एकावर बसून दाव म्हनलो तर लाजलास."

ते आपला रस्ता दाखवत होते. इतक्या वर्षांत त्यांनी या रस्त्यावरची एकही वस्तू तिच्या नावाने दाखवली नव्हती.

विंझरचा फाटा आला. गाडी थांबली. इंजिन बंद झाले. मामा मागे वळले नाहीत. म्हणाले, "हितं तू म्हनलास, आबा, पायात काय ठिवू नगा, हितं चालत न्हाई. तू सोंगं दावत हुतास. आन् म्या हितं, ह्या फाट्यावर, चपला काढून हुबा. लोकं हासत हुती."

आम्हाला त्यांनी काही सांगितले नाही. मी मागे खाली मान घालून बसले होते, त्यामुळे मला गाडीतले पाय तेवढे दिसत होते. शेवंताबाईंचा पाय चपलेतून निघाला. मग म्हाताऱ्याचा. दारात उभा असलेला माणूस वाकून बुटाची नाडी सोडत होता. अण्णांना वाकता येत नव्हते. त्यांनी एका पायाने दुसऱ्या पायातली वहाण ढकलली. सगळ्यांची पायताणे निघाली तेव्हा मामांनी आरशात पाहिले, आणि गाडी सुरू केली.

वेल्ह्यात शिरताना समोर तोरणा होता. स्टँडवर मामांनी गाडी लावली. उपरणे सोडले. डबा मांडीवर घेऊन ते थोडे बसले.

"हितं बी रेंज हुती," ते डब्याला म्हणाले. "हितं तू मला ती वाळूतली वाट दावलीस. हितनं गेलेलं मानूस माघारी येत न्हाई, म्हनलास. म्या तुला शिव्या दिल्या. म्हनलो, पाठ फिरव आन् चालत माघारी ये." त्यांनी कापडाची गाठ चाचपली. "आलास की."

दहावा झाला. मामांनी आणि अण्णांनी मिळून केला.

ही सगळी मागच्या वर्षाची गोष्ट. जीप अजून पिवळी आहे. ती सीट भरल्याशिवाय सुटत नाही, आणि आता भरते. पुढची सीट माझी आहे. मामा तोरण्याच्या मुलांना "माघारी कितीला?" विचारतात. लेगोसचे नाव ते काढत नाहीत, आणि रंगाबद्दल कुणी विचारले तर "रंग हाय" म्हणतात. विंझरला गाडी थांबते आणि आम्ही चपला काढतो.